शेवगावातला एकमेव एलएल.एम.

२१ जून १९७१
पुण्याला एलएल.एम.ला नाव घातलं. शेवगावच्या कोर्टात वकील अकरा, विचार करणारा मी एकटा. बाकीचे बांध, बैल आणि बाचाबाची यांवर जगतात. पदवी मिळाली की प्राध्यापकी किंवा हायकोर्ट, जे आधी येईल ते. रोज पहाटे चार तास वाचन. उद्यापासून.

२४ जून
पहाटे उठलो. डोळे चुरचुरत होते. अर्धवट झोपेत ज्युरिस्प्रुडन्स वाचणं म्हणजे विषयाचा अपमान. सोमवारपासून नक्की.

२ जुलै, शुक्रवार
लेक्चरं शुक्रवार-शनिवार. एसटीने सहा तास, नगरला गाडी बदलायची. वर्गात नुसती पोरंटोरं. सरांनी मला एक प्रश्न विचारला. गप्प राहिलो. एवढ्या सोप्या पातळीवर उतरायचं नव्हतं.

१८ ऑगस्ट
रंगुबाई येऊन बसली. विधवा बाई. सामाईक विहिरीवर दीर तिला पाण्याची पाळी देत नाही, त्याबद्दलचा तिचा दावा माझ्याकडे तीन वर्षं पडून आहे. मी मालमत्तेच्या मूलभूत हक्कावर वाचत होतो आणि ही विचारते, "सायेब, आमची पाळी कवा यायची?" कोर्टातली की विहिरीवरची, हे विचारत बसलो नाही. असल्या दाव्यात कायदा कुठे असतो?

बाररूममध्ये भिमाजी वकिलाने विचारलं, एलएल.एम.मध्ये काय शिकवतात. तुम्हाला कळणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. हसला आणि चहा मागवला. स्वाभिमानच नाही माणसाला. चहा प्यालो.

५ नोव्हेंबर
बायको म्हणाली, अहो, या पुस्तकाची पानं अजून जोडलेलीच आहेत. सातवी शिकलेल्या बाईने कायद्याच्या पुस्तकात बोटं घालू नयेत. पानं शेवटी तिनेच कापली, विळीवर.

११ फेब्रुवारी १९७२, शुक्रवार
आज नैसर्गिक न्यायावर लेक्चर. म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कुणाविरुद्ध निकाल द्यायचा नाही. केवढं उदात्त तत्त्व. शेवगावात हे कुणाच्या गावीही नसेल. रंगुबाईच्या दाव्यात आजच साक्ष होती. पुढची तारीख मागायला कुणाला तरी सांगायचं राहिलं. चालायचंच.

१४ फेब्रुवारी
दावा गैरहजेरीत काढून टाकला. तीनदा पुकारा झाला म्हणे. मी पुण्यात, आणि बाई कोर्टातही नव्हती. एसटी स्टँडवर माझी वाट बघत बसली होती, सकाळपासून. "म्हनलं, पुन्याच्या गाडीनं याल." अडाणीपणाची कमाल आहे. पुकारा कोर्टात होतो, स्टँडवर नाही.

दावा पुन्हा चालू करायला तीस दिवसांत अर्ज द्यावा लागतो. विलायती निवाड्यांचे संदर्भ घालून असा लिहीन की साहेब थक्क होतील.

८ मार्च
अर्जाची प्रस्तावना तयार. इंग्लंडपर्यंत आलो आहे.

भिमाजी आला. म्हणाला, "मुदत चाललीय. बाई रडत होती. तुमची हरकत नसेल तर मी बघतो." ना-हरकतीची सही देऊन टाकली. माझा अभ्यास तरी होईल. त्याचा अर्ज पाहिला. दीड पान, संदर्भ एकही नाही. फेटाळला जाणार.

३० मार्च
मंजूर झाला. खालच्या कोर्टांचा दर्जा हा असा.

१८ एप्रिल
परीक्षेत नैसर्गिक न्यायाचाच प्रश्न आला. तिघांना पुरवण्या मागताना पाहिलं. मी चार पानांत मूळ पुस्तकाच्या चुका दाखवल्या. परीक्षकाला झेपलं पाहिजे.

२६ जून
चारही पेपरांत नापास. नैसर्गिक न्यायाच्या पेपरात शंभरात एकोणीस. परीक्षकाला झेपलं नाही. बाररूमला गेलो नाही. घसा दुखतो, असं कळवलं.

२९ जून
घसा अजून दुखतोच आहे.

दुपारी रंगुबाई घरी आली. दिराने कोर्टात पाळी कबूल केली. भिमाजीने तडजोड लिहून घेतली. पहिल्या पाण्यावरची वांगी आणली होती. म्हटलं, भिमाजीला दे. म्हणाली, त्यांना देऊन झाली, ही तुमची. नको म्हणालो तर बायकोच्या हातात दिली.

मग जवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमचं बी काढून टाकलं म्हनत्यात पुन्याला. तीस दिवस असत्यात ना? भिमाजी वकिलाला सांगू का अर्ज लिवाया? लई चांगला लिवतो."

परीक्षेला अर्ज चालत नाही, हे तिला समजावणं शक्य नव्हतं. अर्धा तास प्रयत्न केला. जायलाच तयार नव्हती.

शेवटी म्हणालो, विचारून बघ.