दोन नाकांचा नियम

शनिवार, दुपारी

धाकट्या,

पाकीट उलटं केलं तर तळाला पाणी साचलेलं. लाल नव्हतं, फिकट गुलाबी. चमचाभर. तेवढं असतंच, म्हणून परत सुलटं केलं. वर तारीख आहे, परवापर्यंतची. पाकीट फुगलेलं नाही. मांस गुलाबी, कुठे करडेपणा नाही. वरूनच बोट दाबलं. खळगा पडला आणि भरून आला. इथवर जमलं. पुढे जमेना. मग पाकीट फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलं आणि तुला लिहायला बसलो.

नमस्कार-चमत्कार राहिलेच. सहा वर्षांत सवय मोडली. आम्ही दोघं बरे आहोत, माझा एक गुडघा सोडून. तुझी वहिनी महिन्यातून एकदा तुमच्याकडे येते आणि घरी येऊन मला काही सांगत नाही. मीही विचारत नाही. तरी तुझ्या मुलीला नोकरी लागल्याचं आणि तिने स्कूटर घेतल्याचं मला माहीत आहे. शाबास म्हणून सांग.

दुकान बंद केल्यापासून मी गिऱ्हाईक झालो आहे. आज मोठ्या स्टोअरमध्ये गेलो होतो. तिथे कोंबडी थंड काचेमागे पाकिटांतून निजलेली असते. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "जरा फोडून दाखवता?"

"आजोबा, ते चिकन आहे, कलिंगड नाही."

"मग वास कसा कळणार?"

"तारीख बघा ना."

"तारीख काय कोंबडीने लिहिली?"

ती हसली. "पहिल्यांदाच घेताय वाटतं चिकन?"

तीस वर्षं विकलं, हे मी सांगितलं नाही. मग तिने माझी शिकवणीच घेतली. "घरी गेल्यावर उघडा. पहिला वास कोंडलेल्या हवेचा असतो, घाबरू नका. पाच मिनिटं थांबा. तरी आंबूस वास आला, हाताला बुळबुळीत लागलं, तर सरळ परत आणा. आणि नळाखाली धुऊ नका, शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात." पोरगी पक्की आहे. आपलं दुकान चालू असतं तर तिला उचलून आणली असती.

आपलं दुकान म्हटलं की मला सकाळच आठवते. माल आला की आधी तू वास घ्यायचास, मग मी. दोघांनी "हं" म्हटलं तरच फळीवर. एकाचं जरी नाही आलं, तरी टोपली परत. दोन नाकांचा नियम. माझाच होता तो. गल्लीत लोक आपल्याला हसायचे आणि चिकन आपल्याकडूनच न्यायचे.

त्या दिवसाचं मी काढणार नव्हतो.

तुझी सायकल पंक्चर झाली होती. तू उशिरा आलास. मी एकट्यानेच "हं" म्हणून अर्धी टोपली फळीवर लावली होती. दारात चार गिऱ्हाईकं. तू चपलाही काढल्या नव्हत्यास. म्हणालास, "दादा, हे गेलंय." मी म्हणालो, "तुझं नाक गेलंय. उशिरा उठणाऱ्यांनी मला वास शिकवू नये." त्यांतला खानावळवाला मोठ्याने हसला. तू एकेक तुकडा परत टोपलीत टाकलास, सुरी धुऊन जागेवर ठेवलीस आणि गेलास.

आता लिहितोच. त्याच्या आदल्या वर्षी मला मोठी सर्दी झाली होती, तूच औषध आणून दिलं होतंस. सर्दी गेली. वास परत आला नाही. कांद्याचा नाही, साबणाचा नाही, कशाचाच नाही. चिकनवाल्याने नाक गेलं म्हणून सांगायचं, म्हणजे टांगेवाल्याने घोडा मेला म्हणून सांगण्यासारखं. मी सांगितलं नाही. वर्षभर तुझ्या तोंडाकडे बघून "हं" म्हणत राहिलो.

त्या दिवशी तुझं तोंड समोर नव्हतं. एवढंच झालं.

आता विचारू कुणाला? तुझी वहिनी चिकनवाल्याबरोबर चाळीस वर्षं नांदली, पण अंड्यालाही हात लावत नाही. तिच्या नाकापुढे पाकीट धरलं तर पाकिटासकट मी बाहेर. आज ती तुमच्याकडे निघाली आहे. बर्फ घातलेला डबा आणि हे पत्र तिच्याबरोबर देतो. म्हणाली, "पोचवीन. झाकण उघडणार नाही."

तू उघड. वास घे. नाही म्हणालास तर फेकून दे, मी तोंड उघडणार नाही. हं म्हणालास, तर पुढचं तू ठरव.

एका नाकाने उणा,
दादा

*

रविवार

दादा,

वहिनीने डबा हातात दिला आणि म्हणाली, "एकदाचं लिहिलं." चहा पिऊन गेली.

तुझ्या नाकाचं मला माहीत होतं. त्या सर्दीनंतर एकदा दुकानातली शेगडी विझली, पण गॅस चालूच राहिला होता, आणि तू तिच्याशेजारी बसून निवांत पेपर वाचत होतास. मी बंद केली. बोललो नाही. तेव्हापासून माल खराब असला की मी तोंड जरा जास्तच वाकडं करायचो. तुला दिसावं म्हणून. एरवी मी इतका नाटकी नाही.

त्या दिवशी तुझ्या कानात सांगायला हवं होतं. चार माणसांत बोललो. सहा वर्षं तेच चघळतो आहे.

पाकीट रात्रभर फ्रीजमध्ये होतं. आज सकाळी सात वाजता उघडलं. पाच मिनिटं थांबलो. आंबूस वास नाही, हाताला बुळबुळीत नाही. नियमाप्रमाणे दुसरं नाक हवं म्हणून हिला उठवलं. ती "हं" म्हणाली आणि परत झोपली. धुतलं नाही. पातेलं चढवलं आहे, हाडापर्यंत शिजवतो. वहिनीची भाजी वेगळ्या पातेल्यात आहे. हे पत्र घेऊन मुलगी येते आहे. तिच्या स्कूटरवर मागे बस, गुडघा सांभाळून. वहिनीला आणायला ती दुसरी फेरी मारेल.

हं.

धाकटा