तुम्ही लावलेलं ठिगळ

आप्पा, आज सकाळी हरिपूरच्या रस्त्यावर माझ्या सायकलचं मागचं चाक बसलं. चिंचेखाली बसून ट्यूब बाहेर काढली, ठिगळ कापलं, आणि हात तिथंच थांबला. आता मी तुमच्यापेक्षाही वयानं मोठा झालोय, तरी हे काम करताना मला अजून चोरासारखं वाटतं. का, ते तुम्हाला कधी कळलं नाही. तेच सांगायला बसलोय.

आठवडाभर कोर्टात मान मोडून कागदांच्या नकला करायच्या आणि रविवारी उजाडताच धोतराला क्लिप लावून, कोट-टोपी घालून सायकलवर टांग टाकायची, हा तुमचा नेम. मी मागं. आपण साताऱ्याहून कराडच्या रस्त्याला लागायचो आणि तुम्ही दर मैलाला उतरायचा. कुणाची विहीर बघ, कुणाच्या बैलाची चौकशी कर. थंडीत नागठाण्याच्या गुऱ्हाळावर तर बैठकच मारायची. द्रोणात गरम काकवी घ्यायची, बोटं चाटायची आणि गुऱ्हाळवाल्याशी तास तास बोलत बसायचं. मी कुरकुरलो की म्हणायचा, "अरे, रस्ता काय पळून चाललाय?"

मग सांगली ते सातारा सायकल शर्यत जाहीर झाली आणि माझं डोकं फिरलं. चहा बंद, गोड बंद, घड्याळ लावून सायकल. घरात सगळ्यांना नुसता वैताग आणला मी. तुम्ही मात्र एका शब्दानं बोलला नाहीत. उलट म्हणालात, तू माझ्या मागं राहा, वारा मी अडवतो. त्या वयात, टोपी खिशात कोंबून, तुम्ही माझ्यापुढं दामटत राहायचा. एका रविवारी गुऱ्हाळापाशी तुमचा वेग कमी झाला. पाचच मिनिटं थांबू या का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "खायलाच यायचं असेल तर येत जाऊ नका, आप्पा." तुम्ही पुन्हा पायडल मारायला लागलात. त्यानंतर तिथं थांबायचं नाव कधी काढलं नाहीत.

शर्यत चार दिवसांवर आली आणि ट्यूबला भोक सापडलं. लढाईचे दिवस, नवी ट्यूब कुठून मिळणार? तुम्ही स्वयंपाकघरात बसता, परातीत पाणी घेता, बुडबुडा शोधता, घासता, फुंकर मारता, ठिगळ चिकटवता आणि वर आईचा वरवंटा ठेवता. चटणीला आठ दिवस सोल्यूशनचा वास येईल म्हणून आई कावते. तुम्ही हसता आणि मला सांगता, ट्यूब फाटेल पण हे निघायचं नाही.

खरंच निघालं नाही, आप्पा.

सांगलीहून निघालो तो कराड ओलांडेपर्यंत मी पहिल्या तिघांत होतो. नागठाण्याजवळ काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास आला आणि माझे पाय थांबले. दमलो नव्हतो. दम होता, सायकल ठणठणीत होती, सातारा आलंच होतं. मी उतरलो आणि गुऱ्हाळात जाऊन बसलो. गुऱ्हाळवाला म्हणाला, "काय रं, आज एकलाच? आप्पा न्हाईत व्हय?" त्यानं द्रोण भरून दिला. मी खाल्लं, आणखी मागितलं, चिपाडावर आडवा झालो. रस्त्यावरून एकेक जण पुढं जाताना दिसत होता आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. कित्येक महिन्यांत सायकलवर निघून इतकं बरं वाटलं नव्हतं. आणि ते नेमकं तुम्ही नसताना.

पोवई नाक्यावर तुम्ही टाचा उंचावून उभे होतात, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. बहुतेक सगळे येऊन गेले होते. तुमचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ठिगळ सुटलं, वाटेत परत चिकटवावं लागलं. दुसरं काही सुचलं असतं तर! तुम्ही सायकल माझ्या हातातून घेतलीत. विचारेल त्याला सांगत सुटलात, "पोराची काही चूक नाही. ठिगळ मी लावलं होतं." घरापर्यंत तेच. मी शेजारून पेढा खात चाललो होतो.

पुढं तुम्ही ठिगळाची डबी शेजाऱ्यांना देऊन टाकलीत. मग रविवारी कंबर दुखायला लागली. मग तुमची सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. आई एकदा म्हणाली, त्यांच्या मनानं घेतलंय, तुझी शर्यत त्यांच्यामुळं गेली. तेव्हा सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. तुमचं शेवटचं आजारपण मिरजेच्या दवाखान्यात निघालं. तिथं मी रोज उशाशी बसायचो, तरी झाला नाही.

हे लिहिलेलं मी घडी घालून टूल बॅगेत ठेवणार, दुसरीकडं कुठं धाडणार? पण एक राहिलंच. त्या दिवशी निघताना गुऱ्हाळवाल्यानं केळीच्या पानात गरम गुळाचा खडा बांधून दिला होता. म्हणाला, "आप्पास्नी दे. लय दिसांत आलं न्हाईत." घरी आणला असता तर मी थांबलो होतो हे तुम्हाला कळलं असतं. फेकवला नाही, आप्पा. सातारा यायच्या आत मीच खाल्ला.