गिरणी चालू असताना

३ फेब्रुवारी, आखाडा बाळापूर

मामांची पेटी बिघडली!
मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, वाचा अर्धांगवायूनं गेली, डावा हात तेवढा हलतो. म्हणून मी त्यांच्या उशाशी अक्षरांच्या बटणांची ही पेटी बसवली. मागच्या खोलीतून तार पुढं पिठाच्या गिरणीत येते, तिथल्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटतात — आत्याबाई, माझ्या सासूबाई, दिवसभर गिरणीवरच असतात ना. परवा रात्री ‘पाणी’ आलं होतं. आज नुसता कचरा. चौकोन, आकडे, काहीबाही.

४ फेब्रुवारी

कचराच. माझा नवरा भागवत वडलांकडं बघत म्हणाला, "दादांचं डोकं गेलं. काहून छळून राहिली त्यांना?"
दुपारी पद्माबाई दळण ठेवून मामांना बघायला आत आल्या. आत्याबाई खाटेजवळच उभ्या राहून सांगत होत्या — "त्यायला आता काईच कळत न्हाई बाई." मामा छताकडं बघत होते.

६ फेब्रुवारी

प्रोग्राम तपासला. बरोबर. मग मीच खाटेशी एकच बटण दाबायचे आणि पुढं जाऊन पडदा बघायचे. गिरणी बंद — क क क. गिरणी चालू — कचरा! म्हणजे डोकं माझंही गेलं!
दोष तारेचा. मोटरच्या जाड केबलसोबत, एकाच पट्टीतून नेली होती मी. सोपं पडलं म्हणून.

७ फेब्रुवारी

तार दुसऱ्या भिंतीनं फिरवली. आता केबलला एकाच जागी आडवी ओलांडते. कचरा कमी झाला. पण मोटर सुरू होताना येतोच.

८ फेब्रुवारी

भागवत: "उद्या काढून टाक ते."

९ फेब्रुवारी

सापडलं. पेटीतल्या आणि पडद्यामागच्या, दोन्ही बोर्डांचं ग्राउंड, म्हणजे परतीची जोडणी, मी गिरणीच्या अर्थिंगवरून घेतली होती. मोटरचा गोंधळ तिथूनही शिरत होता. ती तोडली. ग्राउंडची वेगळी तार ओढली, सिग्नलच्या तारेभोवती पिळून. वेगही कमी केला — अक्षर सावकाश आलं तर काय बिघडतं?
गिरणी चालू. क क क.
भागवत बघत उभा होता. काढ म्हणाला नाही.

१० फेब्रुवारी

गिरणी चालू होती. पडद्यावर एकेक अक्षर आलं — ‘निलमला बोलवा.’
निलम माझी नणंद. तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून तिचं नाव घरात काढायचं नाही, असं मामांनीच बजावलेलं. मी तिला कधी पाहिलेलं नाही.
भागवत म्हणाला, "नंबर कुठून आणायचा तिचा?"
आत्याबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले, माझा फोन घेतला आणि कुणाला काही न विचारता नंबर दाबला.