हद्द ठरली, दादा

दादा, इतक्या वर्षांनी लिहितोय, माफ करा. लिहायचं बरेचदा मनात आलं, पण तुम्हाला सांगावं असं काही हातात नव्हतं. आता आहे, आणि ते तुमच्यामुळेच झालंय.

माझ्या थोरल्या पोरीची तळवड्यात कंपनी आहे. कंपनी म्हणजे दोन खोल्या, आणि कॉम्प्युटरवर मान खाली घालून बसणारी दहाबारा पोरं. सरकारी ऑफिसातून लोकांना घरबसल्या दाखले मिळावेत म्हणून कॉम्प्युटरवर सगळी व्यवस्था करून द्यायची, असं एक टेंडर निघालं. हे काम मिळालं नाही तर कंपनी दिवाळीपर्यंत टिकणार नाही, हे ती मला सांगत नव्हती, पण तिच्या जेवणावरून मला कळत होतं. आणि काम घ्यायचं तर करारात एक कलम होतं. पुरवठादारामुळे जे जे नुकसान होईल ते सगळं त्यानंच भरून द्यायचं, त्याला मर्यादा नाही. पोरगी म्हणाली, यावर मी सही करणार नाही. मी म्हणालो, अगं, सरकार आहे, नाराज करू नको. पिंपळे सौदागरचा आमचा फ्लॅट कंपनीच्या कर्जासाठी बँकेकडे तारण आहे. सही केली तरी तो जाईल आणि नाही केली तरी जाईल, असं मला दिसत होतं.

मला त्या दिवसांत सारखे तुम्ही आठवत होता. तुमच्या लेथच्या शेडमध्ये मी नवा कामगार आहे, अजून ड्रॉइंग उलटं धरतोय, आणि मोठ्या कंपनीचे खरेदीचे साहेब तुमच्यासमोर उभे आहेत. आपण करून दिलेली एक पिन तुटली आणि त्यांच्या कारखान्यातली लाइन पूर्ण शिफ्ट बंद पडली. पिनेचे पैसे नकोत, बंद पडलेल्या लाइनचे द्या, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही म्हणालात, "माल आमचा, तर खोटही आमची," आणि सही केलीत. साहेब गेल्यावर मी विचारलं, दादा, याला काही हद्द नाही का? तुम्ही माझ्यावर असे डाफरलात की हातातला चहा सांडला. "हद्द विचारणाऱ्याला दुसरी ऑर्डर मिळत नाही." महिनाभरात भरपाईपोटी आपले दोन्ही लेथ त्यांच्या टेंपोत चढले. यंत्राला धक्का लागू नये म्हणून दोर तुम्ही स्वतः आवळलेत.

तुमचं ते वाक्य मी जन्मभर पाळलं. आपल्याकडे जॉबवर्कवाल्याची रीतच ती, ड्रॉइंग उघडायच्या आधी "हो साहेब" म्हणायचं. म्हणून तर माझ्या हातून ते झालं.

टेंडर भरण्याआधी शंका विचारायची बैठक होती. कंपनीत नावापुरता मीही भागीदार, म्हणून पोरीनं मला सोबत नेलं. मोठ्या बाईसाहेब अध्यक्ष. पोरीनं मर्यादेचा मुद्दा काढला तशा त्या म्हणाल्या, तुमचा स्वतःच्या कामावर भरवसा नाही का? आणि दादा, मी उभाच राहिलो. "आहे साहेब. सगळी जबाबदारी आमची."

पलीकडे बसलेला दुसऱ्या कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "घ्या, काकांनी सही पण करून टाकली." सगळी खोली हसली.

पोरीनं माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं. रागावली नाही. म्हणाली, "हे माझे वडील. यांच्या मालकांनीही असंच म्हटलं होतं." आणि तुमची गोष्ट तिनं सरकारी टेबलावर मांडली. पिन, लाइन, लेथ, सगळं. मग म्हणाली, "त्या कंपनीला मिळालं काय? दोन जुने लेथ. नुकसान भरलं नाहीच, वर पिना करून देणारा चांगला माणूस गेला. मॅडम, तुम्ही अमर्याद लिहा, पण मी बुडाले तर माझ्याकडे असेल तेवढंच तुम्हाला मिळणार. कराराच्या रकमेएवढी मर्यादा घाला, मी तेवढ्याचा विमा उतरवते. मग ते पैसे खरंच मिळतील. मी मुद्दाम लबाडी केली किंवा लोकांची माहिती माझ्याकडून फुटली, तर मात्र मर्यादा नको. ते सगळं माझ्यावर."

मघाशी हसलेला तो पलीकडचा माणूसच म्हणाला, मॅडम, आमचंही हेच म्हणणं आहे. बाईसाहेबांनी मला विचारलं, ते मालक आता काय करतात? मी म्हणालो, वारले. त्या शेजारच्या कारकुनाला म्हणाल्या, हा मुद्दा लिहून घ्या.

आणि दादा, कलम बदललं! पोरीनं सांगितलं होतं अगदी तसं. तेव्हा कुठे तिनं टेंडर भरलं, आणि काम तिलाच मिळालं. मी पेढे घेऊन तळवड्यातल्या आमच्या ओळीत शेडशेडला फिरलो. कोपऱ्यावरचा वेल्डर म्हणाला, "काका, पोरीचं लग्न ठरलं का?" म्हटलं, नाही रे, जबाबदारीची मर्यादा ठरली. "ही कुठली सोयरीक, राव?" म्हणाला, आणि दोन पेढे उचलले. मी त्याला शेडबाहेरच्या बाकावर बसवून सगळं समजावलं. त्याला कितपत कळलं देव जाणे, पण मी छाती काढून सांगत होतो. साहेबाला हद्द विचारली, आणि तरी ऑर्डर मिळाली. तुमचं वाक्य खोटं पडलं, दादा, आणि ते तुमच्याच गोष्टीनं पाडलं.

एवढंच एक खुपतंय. लेथ गेल्याची गोष्ट तुम्ही हयातीत कुणाला काढू दिली नाहीत. घरात काकूंसमोरसुद्धा नाही. मी ती पोरीला सांगितली आणि तिनं ती परक्या माणसांत सांगितली. तुम्हाला विचारायला हवं होतं. हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मलाही समजतं. पण सोमवारी काम सुरू होतंय. राग आला नसेल तर तसं, आला असेल तर तसं, पण त्याआधी काहीतरी कळवा.