उलट्या फिरकीचा बिल्ला

गुरुवार, दुपार

लाडके चिमणे,

तुझ्या थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. गुडघे कुरकुरतात, बाकी मी ठणठणीत. पत्र बसवाल्याच्या हाती तुझ्या शिवणाच्या दुकानी धाडतोय. फोन केला नाही, कारण घरी फोन तुझी पोर उचलते. गिऱ्हाईक असेल तर आधी त्याला वाटेला लाव, मग पुढचं वाच.

मंगळवारी पोर होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन आली होती. माणूस गोड. भूगोलाचे मास्तर होते म्हणतात. चहा झाला, हॉलच्या भाड्यावरून हसणं झालं. मग तिनं हट्ट धरला, "मामा, तुझे बिल्ले दाखव ना!"

त्या कपाटाचा तुला राग आहे. "ज्यांनी माझा संसार मोडला त्यांची बक्षिसं सांभाळतोस?" असं तू विचारलंस, तेव्हा मी हौस म्हणून वेळ मारून नेली. हौस कसली गं! गुप्त पोलिसांचं ते खातं बुडालं, माणसं पांगली, उरले त्यांना मिळालेले बिल्ले. ते विकायला कुणाची बायको येते, कुणाचा मुलगा. मी कुलपं दुरुस्त करणारा बोलघेवडा माणूस. बोलता बोलता विचारतो, साहेब कुठल्या कोठडीवर होते? त्यांनी उचलून नेलेल्या तुझ्या नवऱ्याचा माग लागतो का, एवढंच.

त्यातला एक बिल्ला फार दुर्मिळ. निळा मिना, मधे चांदीची ढाल. फक्त चौकशी करणाऱ्या बड्या साहेबांना मिळायचा. कॉलरमागे लपवून लावायचे, म्हणून निसटू नये यासाठी मागची फिरकी उलट्या आट्यांची. आपण सैल करायला जावं तर ती आवळते. भले भले संग्राहक फसले. पहिल्या दिवशी मीही नख मोडून घेतलं.

व्याह्यांनी तोच उचलला. "तर तो हॉलवाला म्हणतो काय..." असं बोलता बोलता, न बघता, अंगठ्यानं एका झटक्यात फिरकी काढून तळहातावर घेतली. मग आपल्याच हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

पोर टाळ्या पिटत म्हणाली, "बाबा, तुम्ही तर जादूगार निघालात!"

चिमणे, तिनं कुणाला बाबा म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

फाटकापर्यंत सोडायला गेलो. पोर गाडी थांबवायला पुढे गेली होती.

"मास्तर कधी झालात?" मी विचारलं.

"नंतर." मग म्हणाले, "सोयरीक ठरली तेव्हाच पोरीचं आडनाव ओळखलं मी. पोरांनी एकमेकांत जीव गुंतवलाय. त्यांचं होऊ द्या, हात जोडतो. लग्न पार पडलं की मी तुम्हाला जागा दाखवतो."

"कसली जागा?"

ते जमिनीकडे बघत राहिले.

कसली, ते तुला कळलंय. तू आजही दाराला आतून कडी घालत नाहीस. तो येणार नाही गं. कडी घालत जा.

जागा हवी तर पोर द्या, असा हा सौदा. गप्प बसलो असतो तर तुला ती माती मिळाली असती, आणि पोर जन्मभर त्याला बाबा म्हणाली असती. आज सकाळी त्याच्या दारात जाऊन सांगून आलो, "रविवारी माझ्या घरी या. काय ते लग्नाआधी, माझ्या बहिणीच्या आणि भाचीच्या तोंडावर सांगा. पोरगा तुमचा निर्दोष आहे. पुढं काय करायचं ते ती दोघं ठरवतील."

"आणि नाही आलो तर?"

मी तसाच माघारी फिरलो.

नाही आला तर ती जागा त्याच्याबरोबरच जाईल. तुला न विचारता तुझं एवढं मोठं काही मी पणाला लावलंय. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण शनिवारी ये. निघण्याआधी पोरीला सगळं सांग. हे मामाच्या तोंडून नको, आईच्याच तोंडून कळू दे.

तुझी, आणि त्या माणसाचीही, वाट बघणारा

दादा