उभे रकाने, आडव्या ओळी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोललो तर बाबांचे कान इकडेच असतात, म्हणून लिहितोय. त्यांच्या गळ्याच्या गाठीला पुढच्या सोमवारपासून किरण द्यायचे, आमच्याच हॉस्पिटलात. किरण कुठे किती पडायचे याचा हिशोब करणारा तुझा तो जुन्या फोर्ट्रान भाषेतला म्हातारा प्रोग्राम मी अखेर नव्या पायथॉन भाषेत आणला. बाबांच्या शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांचे किरण कालपासून त्याच हिशोबाने सुरू झाले. बाबा अख्ख्या वॉर्डाला सांगत सुटलेत की मशीनला माझ्या पोराने शिकवलंय! जुने-नवे आकडे ताडून पाहिले, बेरीज तंतोतंत जुळते. तरी रात्री उठून पुन्हा ताडत बसतो गं. जरा धीर दे.

तुझं कायमचं शेपूट,
धाकटा

६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

धीर नंतर, आधी कान उपटते. आकडे कसेही उलटेपालटे झाले तरी बेरीज तीच येणार, शहाण्या! फोर्ट्रान आकड्यांची रांग चौकटीत भरताना उभे रकाने भरतं, पायथॉन आडव्या ओळी. जुनी फाइल तशीच ओतलीस का? आणि चाचणी कशावर घेतलीस? पाण्याच्या त्या चौरस टाकीवर, चारी बाजूंनी सारखे किरण सोडून? मग चूक दिसणारच नाही. माणूस काही टाकीसारखा नसतो रे. बाबांची गाठ उजवीकडे आहे. हातातलं टाकून आधी हे बघ.

घोर लागलेली,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टाकीच होती. तुझं पत्र वाचलं आणि बाबांच्या स्कॅनवर हिशोब चालवला. गाठ उजवीकडे आणि किरण मानेमागे, थेट मणक्यावर! भरायची दिशा बदलली, स्कॅनचे सगळे काप पुन्हा एकावर एक जोडले, तेव्हा कुठे किरण गाठीवर बसले. मी धावत बाबांकडे गेलो आणि रडतच सांगितलं की तुम्ही वाचलात.

बाबा ओरडले नाहीत. शेजारच्या खाटेकडे पाहून हळूच एवढंच विचारलं की मग मास्तरांचं काय?

ताई, माझ्या डोक्यात फक्त बाबाच होते गं. मास्तर मनात आलेच नाहीत. तसाच खाली पळालो, मशीन बंद करायला लावलं. डॉक्टरीणबाई मास्तरांना घेऊन आत तपासतायत, मी बाहेर बाकावर बसून लिहितोय. मास्तर आत जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेले. त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. ते मीच सांगणार आहे.

दार उघडतंय. लोभ आहेच, आज तो थोडा जास्त लागेल.

तुझा,
धाकटा