हेझलचा पहिला शब्द

बोटीवरून, कोझुमेलच्या वाटेवर

प्रिय आई,

तुमची नात मजेत आहे. डायपरमधल्या बाळांना इथल्या पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत, म्हणून हेझलला खोलीतल्या बेसिनमध्येच बसवते. तेवढ्यावर ती खूश असते. तुमचा वेंडेल गेला तरी "तिकिटं काढलीत ना, मग जाऊन ये" असं तुम्ही म्हणालात, म्हणून आले. जेवते आहे वेळेवर.

काल नाश्त्याला शेजारच्या टेबलावर टोपी घातलेला एक माणूस होता. हेझल खुर्च्या धरत धरत त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "बाबा." तिचा हा पहिलाच शब्द. त्याची बायको हसून म्हणाली, "घ्या, पोरीने बापच बदलला. हिचे बाबा अजून झोपलेत वाटतं?"

मी "हो" म्हणाले. त्या माणसाने तिला मांडीवर घेऊन केळं भरवलं. मी कॉफी संपवली.

रडू आलं नाही, आई. अजून एकदाही आलेलं नाही. तुम्हाला येतं का? गुडघा कसा आहे?

परत आल्यावर तिला वेंडेलचा फोटो तुम्हीच दाखवा. तो शब्द कुणाचा आहे, हे तिला कळायला हवं. मला अजून सांगता येत नाही.

तुमची सून,
ऑड्री